सागरतळाची रयत

समुद्राविषयी मुलांसाठी लिहिलेली पुस्तके चाळून पाहिली, तर देवमासा, शार्क, अष्टपाद आणि फार तर डॉल्फिन एवढ्यांचाच मानमरातब त्यांत राखलेला आढळतो. आणि एका परीने ते स्वाभाविकही आहे, कारण जे प्रचंड असते, भयंकर असते किंवा खेळकर असते, त्याच्याकडे बालमनाची ओढ आधी जाते. परंतु कोणत्याही राज्याची हकीकत जशी केवळ तेथील सरदार-दरकदारांच्या पराक्रमांनी पुरी होत नाही, गावोगावी नांदणारी आणि कोणत्याही बखरीत नाव नसलेली रयत कशी जगते हे कळल्यावाचून त्या मुलखाची खरी ओळख पटत नाही, तसेच समुद्राचेही आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्राने व्यापलेला आहे. आणि त्या अफाट जलराशीच्या तळाशी, किनाऱ्यालगतच्या खडपापासून सूर्यकिरण कधीही न पोहोचणाऱ्या गर्तांपर्यंत, ज्या प्राण्याने जागोजागी दाटीवाटीने वस्ती केली आहे, तो म्हणजे भंगुरतारा. या लहानशा पुस्तकाचा नायक तोच आहे.

तारामीन पुष्कळांनी, निदान चित्रात तरी, पाहिलेला असतो. त्यामुळे भंगुरतारा प्रथमच पाहणारा मनुष्य ‘बारीक बाहूंचा तारामीन’ एवढीच त्याची नोंद करून मोकळा होतो. ही नोंद अगदीच निराधार नाही. तारामीन, समुद्रअर्चिन, सागरी काकडी, देठावर उभी राहणारी सागरी लिली आणि भंगुरतारा ही सारी मंडळी कंटकचर्मी या एकाच संघातली असून, त्वचेखाली चुन्याच्या पट्टिकांचा सांगाडा, पाचाच्या हिशेबाने बेतलेले शरीर आणि अंगात खेळणाऱ्या पाण्याच्या नलिका ही त्यांची सामाईक मिरास आहे. तथापि घराणे एक असले तरी वहिवाट निराळी. तारामीनाचे बाहू मुळाशी रुंद होत होत शरीरात मिसळून जातात, आणि त्याच्या पाचक ग्रंथी थेट बाहूंच्या आत पसरलेल्या असतात. भंगुरताऱ्यात मात्र मध्यभागी एक वाटोळी चकती असते, बहुधा एक-दोन सेंटिमीटर रुंदीची, आणि तिच्यापासून पाच सडपातळ, काटेरी बाहू अगदी स्पष्टपणे वेगळे निघालेले असतात. त्यांची लांबी चकतीच्या रुंदीच्या कित्येक पट भरते. जठर, जननेंद्रिये हा सारा मौल्यवान ऐवज प्रायः चकतीतच साठवलेला असतो. ही गोष्ट वाचकांनी आताच ध्यानात ठेवावी, कारण या प्राण्याच्या पुढील पुष्कळशा वर्तनाचे मर्म तिच्यात आहे. शास्त्राच्या दप्तरी या वर्गाच्या सुमारे २,१०० जाती आजवर दाखल झाल्या आहेत, म्हणजे कंटकचर्मी संघात जातींच्या संख्येने हाच वर्ग सर्वांत मोठा ठरतो.

मुले एखाद्या अपरिचित प्राण्याकडे पाहून जे प्रश्न विचारतात, ते प्रौढांना पोरकट वाटले तरी वस्तुतः अत्यंत मूलगामी असतात, आणि म्हणून हे पुस्तक रचताना शास्त्रीय वर्गीकरणाच्या क्रमापेक्षा त्या प्रश्नांचा क्रम मी अधिक मानला आहे. याचे तोंड कुठे आहे? चकतीच्या खालच्या अंगाला, बरोबर मध्यभागी, आणि त्यात पाच जबडे आत वळलेले असतात. शरीरातला केरकचरा बाहेर कुठून जातो? त्याच तोंडातून, कारण याच्या जठराला दुसरे द्वारच नाही, आणि जे पचत नाही ते आले त्या वाटेनेच परत जाते. हा श्वास कसा घेतो? बाहूंच्या मुळाशी, चकतीच्या खालच्या बाजूस, बहुतेक जातींत दहा फटी असतात. त्या आतल्या पातळ पिशव्यांत उघडतात आणि त्या पिशव्यांतून समुद्राचे पाणी सतत खेळत राहते. आणि याचे डोके? ते नाहीच. तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक वलय आहे, त्या वलयापासून प्रत्येक बाहूत एकेक मज्जारज्जू गेलेला आहे, आणि सारा कारभार या वलयाच्या व पाच रज्जूंच्या परस्पर सल्लामसलतीने चालतो. हुकूम सोडणारा मेंदू म्हणून कोणी एका ठिकाणी बसलेला नाही.

यावरूनच पुढचा प्रश्न निघतो, आणि तो मला स्वतःला फार मोलाचा वाटतो. ज्याला डोके नाही, त्याला पुढची बाजू कोणती? आपण चालतो ते तोंडाच्या दिशेने. मांजर, मासा, मुंगी या सर्वांचे तेच. तारामीन आपल्या असंख्य नालपादांवर, म्हणजे नळीसारख्या इवल्या पायांवर, संथपणे सरकतो, पण भंगुरताऱ्याच्या नालपादांना चिकटून धरणाऱ्या चूषकचकत्या नसतात. ते अन्न हुंगण्याच्या, पकडण्याच्या व तोंडाकडे नेण्याच्या कामी येतात, आणि चालण्याचे काम बाहूंवरच पडते. प्रत्येक बाहूच्या आत चुन्याच्या मणक्यांची एक रांग असते. हे मणके एकमेकांत उखळीच्या सांध्यांनी बसवलेले असून त्यांच्यामध्ये बळकट स्नायू ताणलेले असतात, आणि त्यामुळे बाहू डावी-उजवीकडे मोठ्या डौलाने व वेगाने वळतो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या हेन्री ॲस्टली यांनी कॅरिबियन समुद्रातील एका जातीच्या चालीचे बारकाईने मापन करून २०१२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो विलक्षण आहे. पाचांपैकी एक बाहू पुढे राहून दिशा दाखवतो, त्याच्या दोन्ही अंगांचे दोन बाहू वल्ह्यांप्रमाणे पाणी नव्हे तर जमीन मागे रेटतात, आणि उरलेले दोन मागून येतात. म्हणजे पाच सारख्या बाजू असलेला हा प्राणी चालताना मात्र आपल्यासारखाच डाव्या-उजव्या अंगांचा होतो. पण वळायचे झाले, की आपण वळतो तसा तो वळत नाही. शरीर जागच्या जागी राहते आणि पुढारीपण दुसऱ्या बाहूकडे जाते. जो बाहू आतापर्यंत मागे फरफटत होता, तो पुढच्या क्षणी अग्रेसर होतो. पाचही बाहूंना ही तैनात येते. पाठ फिरवणे ही क्रिया या प्राण्याच्या आयुष्यात नाही, कारण त्याला पाठमोरे होताच येत नाही.

आता त्याच्या तुटण्याविषयी. बाहू तुटतो हे पाहून पुष्कळ लोक हा प्राणी नाजूक आहे, जरा धक्का लागताच मोडतो, अशी समजूत करून घेतात. आणि त्या समजुतीचे निरसन करणे हा या पुस्तकाच्या मुख्य हेतूंपैकी एक आहे. उत्तर समुद्राच्या चिखलात राहणारी एक जात घ्या. तिचे शास्त्रीय नाव अँफियुरा फिलिफॉर्मिस. तिची चकती चिखलात काही सेंटिमीटर खोल गाडलेली असते आणि तिचे दोन-तीन बाहूच तेवढे वर पाण्यात डुलत राहून वाहते अन्नकण टिपतात. त्या समुद्रातील डॅब नावाचा चपटा मासा तळावरून फिरत या डुलणाऱ्या टोकांना तोंड घालतो. मासा टोक पकडतो आणि त्याच क्षणी, पकडलेल्या जागेच्या अलीकडच्या कोणत्या तरी सांध्यातून, बाहू सुटतो. येथे माशाने बाहू तोडला असे म्हणणे यथार्थ नाही. प्राण्याने तो सोडला. सांधे बांधून ठेवणारे जे कोलॅजनचे तंतू आहेत, तसे तंतू आपल्याही अंगात आहेत, परंतु आपल्या तंतूंची घट्टता आपल्या हुकमतीत नसते, तर भंगुरताऱ्याच्या मज्जातंतूंकडून इशारा जाताच त्याचे तंतू अल्पावधीत ताठ होऊ शकतात किंवा पार ढिले पडू शकतात. ढिले पडले की स्नायूंच्या एका हिसक्यासरशी सांधा उकलतो. सुटलेला तुकडा वळवळत राहतो, आणि ज्या जातींना प्रकाश निर्माण करण्याची शक्ती आहे त्यांच्यात तो अंधारात चमकतही राहतो. माशाचे लक्ष त्या तुकड्यावर खिळते आणि जठर व जननेंद्रिये यांचा सारा ऐवज जिच्यात आहे ती चकती चिखलात सुखरूप राहते. वर जी गोष्ट ध्यानात ठेवण्यास सांगितली, तिचे प्रयोजन हेच.

पुढे काय होते, तेही तितकेच पाहण्याजोगे आहे. जखम काही दिवसांत मिटते, तेथे एक अतिसूक्ष्म कोंब दिसू लागतो, कोंबाच्या टोकामागे नवे मणके, नव्या पट्टिका, नवे काटे, नवे नालपाद असे एकेक पर्व तयार होत जाते, आणि काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अवधीत बाहू पुन्हा उभा राहतो. समुद्रातून काढलेल्या समूहांत एखादा तरी बाहू नव्याने वाढत असलेले प्रौढ प्राणी पुष्कळदा मिळतात. काही चिखलवासी जाती तर याहून धाडस करतात, आणि प्रसंगी चकतीचा वरचा भाग, जठरासकट, टाकून देऊन तोही पुन्हा घडवतात. मात्र एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा: तुटून पडलेल्या बाहूपासून नवा भंगुरतारा तयार होत नाही. तो तुकडा काही काळ वळवळतो आणि संपतो. चकतीचा निदान एक हिस्सा उरल्यावाचून पुनर्निर्मिती नाही.

डोळे नसताना हा पाहतो कसा, या प्रश्नाची हकीकत मी जरा विस्ताराने दिली आहे, आणि ती केवळ प्राण्याच्या महतीसाठी दिलेली नसून, ज्ञान कसे पुढे सरकते याचा तो उत्तम दाखला आहे म्हणून दिली आहे. कॅरिबियन समुद्रातील ऑफिओकोमा वेंडटी ही जात दिवसा गडद तांबूस-तपकिरी दिसते आणि रात्री फिकट पडते. तिच्या जवळ कोणी जाताच ती चटकन अंधाऱ्या कपारीकडे धावते. जोआना आयझेनबर्ग व त्यांचे सहकारी यांनी तिच्या बाहूंवरील पट्टिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यांवर कॅल्साइटचे हजारो इवले, भिंगासारखे उंचवटे आढळले, आणि हे उंचवटे प्रकाश एकवटतात असे सिद्ध झाले. २००१ साली हा शोध प्रसिद्ध होताच, या प्राण्याचे सारे अंगच एक डोळा आहे अशी कल्पना जगभर रूढ झाली. कल्पना मनोहर होती. परंतु पुढे ऑक्सफर्डच्या लॉरेन सम्नर-रूनी यांनी प्रकाशग्राही पेशी नेमक्या कोठे आहेत याचा शोध घेतला, तेव्हा त्या या भिंगांच्या केंद्रस्थानी नसून भिंगांच्या मधल्या जागांत, अंगभर विखुरलेल्या आढळल्या. म्हणजे भिंगे प्रकाश एकवटत असली तरी तो घेणारे तेथे कोणी बसलेले नव्हते. मग हे दिसणे साधते कसे? २०२० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की त्वचेतील रंगपेशीच त्याचे रहस्य आहेत. दिवसा या पेशी पसरतात, गडद रंग चढतो, आणि प्रत्येक प्रकाशग्राही पेशीकडे येणारा प्रकाश तिरप्या दिशांनी अडवला जाऊन केवळ एका दिशेचाच उरतो; रात्री रंग ओसरला की ही दिशानिश्चिती नाहीशी होते. गोल भांड्याच्या भिंतीवर रंगवलेला गडद पट्टा हे प्राणी दिवसा ओळखून त्याकडे गेले, आणि फिकट असताना त्यांना तो सापडला नाही. पहिल्या शोधकांचे मापन खरे होते आणि त्याचा अर्थ मात्र बदलावा लागला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांना जितक्या लवकर समजेल तितके बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यांच्या अन्नाचे प्रकार इतके आहेत, की त्यांची संपूर्ण यादी देण्याचा मोह मी टाळला आहे. कोणी चिखल चाळतो, कोणी मृत प्राण्यांचे मांस कुरतडतो, कोणी वाहत्या पाण्यातले प्लवक श्लेष्मल काट्यांवर टिपतो. याच वर्गातील करंडतारा नावाच्या प्राण्याचे बाहू पुनःपुन्हा दुभंगत जाऊन त्यांची वेलबुट्टीदार जाळी बनते. त्याच्या पुष्कळ जाती दिवसभर अंगाची गुंडाळी करून बसतात आणि रात्र पडताच प्रवाहाच्या तोंडावर ती जाळी उघडतात. हिंदी व पॅसिफिक महासागरांतील ऑफिओक्नेमिस मार्मोराटा ही जात तर जेलीफिशच्या अंगावर स्वार होऊन मुलूखगिरी करते. पण माझे मन सर्वाधिक रमते ते इंग्लिश खाडीच्या तळावरील ऑफिओथ्रिक्स फ्रॅजिलिस या जातीच्या वसाहतींत. तेथे एका चौरस मीटरच्या जागेत हजार-दोन हजार प्राणी एकमेकांना खेटून राहतात. भरती-ओहोटीचा प्रवाह मंद असतो तेव्हा प्रत्येक जण एक-दोन बाहू वर उभारून अन्न गोळा करतो, आणि प्रवाहाचा जोर वाढला की सारे बाहू खाली येतात, शेजाऱ्यांच्या बाहूंत गुंततात, आणि एकट्यादुकट्याला सहज वाहून नेईल असा ओघ त्या गुंतलेल्या समूहाच्या अंगावरून निघून जातो. २००८ साली न्यूझीलंडच्या दक्षिणेस मॅक्वारी पर्वतरांगेवर गेलेल्या शास्त्रज्ञांना एका बुडालेल्या पर्वताच्या माथ्यावर, पृष्ठभागापासून सुमारे ९० मीटर खोलीवर, अशीच वसाहत दिसली. तेथील प्राण्यांची संख्या कोट्यवधींत मोजावी लागली. अंटार्क्टिकाभोवती अखंड फिरणारा प्रबळ सागरप्रवाह त्या माथ्यावरून वाहतो, अन्न आणून देतो, आणि शिकारी माशांना तेथे ठरू देत नाही.

खोल समुद्राविषयीच्या मानवी समजुती बदलण्यात या प्राण्याने जी कामगिरी बजावली, तिची हकीकत एका स्वतंत्र प्रकरणात आली आहे; तरीही येथे तिचा निर्देश केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एडवर्ड फोर्ब्झ या थोर निसर्गशास्त्रज्ञाने एजियन समुद्रात गाळ उपसून असे अनुमान बांधले, की खोली वाढेल तसतसे जीवन विरळ होत जाते आणि सुमारे ३०० वावांखाली ते पूर्णपणे संपते. वाव म्हणजे आपल्या खलाशांचे माप, सुमारे सहा फूट. पाण्याचा प्रचंड दाब, निबिड अंधार आणि गोठवणारी थंडी यांचा विचार करता हे अनुमान बुद्धीला पटण्यासारखे होते, आणि विद्वानांत ते मान्यही झाले. १८१८ साली जॉन रॉस यांच्या जहाजाने बॅफिनच्या उपसागरात खोली मोजण्यासाठी सोडलेल्या दोरीला एक करंडतारा गुरफटून वर आला होता, याची आठवण कोणी ठेवली नाही.

१८६० साली बुलडॉग नावाचे ब्रिटिश आरमाराचे जहाज अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात तारायंत्राची तार कोठून टाकता येईल याची पाहणी करीत होते. त्या जहाजावर निसर्गशास्त्रज्ञ म्हणून जॉर्ज चार्ल्स वॉलिच हे होते. त्यांचा जन्म कलकत्त्याचा. तेथील प्रसिद्ध वनस्पती-उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांचे ते चिरंजीव, आणि हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत त्यांनी अनेक वर्षे काढली होती. एके दिवशी १,२६० वाव खोलीचे, म्हणजे साडेसात हजार फुटांहून अधिक, मापन झाले आणि दोरी वर ओढली गेली, तेव्हा तिचा जो भाग तळावर टेकला होता त्याला तेरा भंगुरतारे बाहूंनी घट्ट विळखा घालून बसलेले दिसले. आक्षेप ताबडतोब निघाला: दोरी वर येताना हे प्राणी वाटेत कोठे तरी, उथळ पाण्यात, तिला चिकटले नसतील कशावरून? वॉलिच यांनी त्या प्राण्यांचे जठर उघडून पाहिले. आत तळाच्या गाळात असणाऱ्या ग्लोबिजेरिना या सूक्ष्म जीवांची कवचे होती. जो तळावर जेवला तो तळावरच राहत असला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद सरळ आणि भक्कम होता, तरी तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे आणि आणखी काही मोहिमा लागल्या. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजाने जगभरच्या समुद्रांतून जो संग्रह जमवला, त्यातील भंगुरताऱ्यांवर थिओडोर लायमन यांचा जाडजूड ग्रंथ १८८२ साली निघाला, आणि तोवर खोल समुद्र निर्जीव असल्याची भाषा मावळली होती. आपल्या भोवतालच्या समुद्रांचे म्हणाल, तर हिंदुस्थान सरकारच्या सागरी पाहणीचे इन्व्हेस्टिगेटर हे जहाज अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि अंदमानच्या परिसरात फिरत असे. आल्फ्रेड अल्कॉक यांच्यासारखे शल्यचिकित्सक-निसर्गशास्त्रज्ञ त्याच्यावर तैनात होते, आणि त्याने वर काढलेल्या खोल पाण्यातील भंगुरताऱ्यांचे वर्णन फ्रेंच पंडित रने केलर यांनी लिहिले, जे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने १८९९ साली प्रसिद्ध केले. आपल्या समुद्राच्या तळाची ही सनद सव्वाशे वर्षांपूर्वीच लिहिली गेली आहे, आणि मराठी मुलांच्या हाती तिच्यातले अवाक्षरही आजवर आलेले नाही, याची खंत हे पुस्तक लिहिण्यामागे आहे.

यांच्या जन्माची कथा मी थोडक्यात आटोपतो, कारण चित्रांवाचून ती नीट समजत नाही आणि चित्रे आत आहेत. पुष्कळ जातींत अंडी पाण्यात सोडली जातात आणि त्यांतून निघणारा डिंभ आईबापांशी काडीचेही साम्य नसलेला असतो: चुन्याच्या बारीक कांड्यांनी ताणलेले लांबट फाटे, पारदर्शक अंग, आणि शरीराची रचना पाचाची नव्हे तर दोन बाजूंची. प्रवाहाबरोबर तरंगत असताना त्याच्या पोटातच पाच बाहूंचा इवला तारा आकार घेतो आणि यथाकाल तळावर उतरतो. काही जाती मात्र पिल्ले अंगावरच वाढवतात. जगातील बहुतेक सर्व समुद्रांत आढळणारी, चकतीने जेमतेम चार-पाच मिलिमीटर भरणारी अँफिफोलिस स्क्वामाटा ही त्यांपैकी एक. ज्यांच्यातून श्वासाचे पाणी खेळते त्याच पिशव्यांत तिची पिल्ले वाढतात आणि पूर्ण घडलेली, चालती-फिरती होऊन बाहेर पडतात.

या वर्गाचे प्राचीनत्व सांगताना आकडे नुसते फेकून उपयोग नाही, तरी एक आकडा देतो: सुमारे अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत भंगुरताऱ्यांचे जीवाश्म मिळतात. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर अठरा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा वाळूच्या खडकाचा एक थर आहे. वाळूच्या आकस्मिक लोटाखाली गाडले गेलेले भंगुरतारे त्यात बाहू पसरलेल्या अवस्थेत जसेच्या तसे राहिले आहेत. इतका दीर्घ काळ टिकून राहिलेल्या या प्राण्यापुढे आज एक नवे संकट उभे आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून त्याचे पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकते आहे, आणि ज्याचा सांगाडा चुन्याचा त्याला हे बाधणार हे उघड आहे. ब्रिटिश संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वर ज्या चिखलवासी अँफियुराचे वर्णन केले तिला अधिक आम्ल पाण्यात ठेवले असता, तिने आपला चुना विरघळू दिला नाही, उलट तो अधिक वेगाने बसवला. पण त्याचा खर्च तिच्या बाहूंच्या स्नायूंवर पडला आणि ते झिजले. सांगाडा राखला, आणि ज्या बळावर ती चिखलात पाणी खेळवते व अन्न मिळवते, ते बळ गमावले. उत्तर समुद्राच्या कित्येक भागांत चिखल उकरून त्यात प्राणवायू पोहोचवण्याचे काम मुख्यत्वेकरून हेच प्राणी करीत असल्याने, त्यांचे बाहू दुबळे होणे ही त्यांच्यापुरती बाब राहत नाही.

आता या पुस्तकाचा उपयोग कसा करावा याविषयी दोन शब्द. भंगुरतारा पाहण्यासाठी चॅलेंजर जहाजाची गरज नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खडपांत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप खोल जाते, आणि तेव्हा उघड्या पडलेल्या दगडांखाली व डबक्यांतल्या स्पंजाच्या छिद्रांत तो शोधावा. मोठे माणूस बरोबर असल्याखेरीज मुलांनी खडपात जाऊ नये, आणि भरती फिरण्याच्या पुष्कळ आधी परतावे. उष्ण समुद्रांत सर्वत्र पसरलेली, स्पंजात घर करणारी ऑफिॲक्टिस सॅविग्नीई ही जात भेटली तर भिंग काढून तिचे बाहू मोजावेत. ते बहुधा सहा भरतील, आणि पुष्कळदा एका अंगाचे तीन लांब व दुसऱ्या अंगाचे तीन आखूड दिसतील. कारण ही जात आपली चकती मधोमध दुभंगून एकाच्या दोन होते, आणि प्रत्येक अर्धा भाग उरलेले तीन बाहू नव्याने वाढवतो. तीन आखूड बाहूंच्या बाजूला चकतीची कडही किंचित सपाट, अपुरी दिसते, तीही पाहावी.

प्राण्याला बाहूने धरून कधीही उचलू नये. तो बाहू तुमच्या हाती ठेवून निघून जाईल. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा तेथे तर पाहण्यापलीकडे काहीच करू नये. अन्यत्र पाहायचेच झाले तर डबक्यातलेच पाणी एका पसरट भांड्यात सावलीत घेऊन त्यात प्राणी हलकेच सोडावा आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच जागी ठेवावा. उलथलेला दगड ज्या बाजूने होता त्याच बाजूने परत बसवावा, कारण खालच्या अंगाला चिकटलेले स्पंज आणि अंड्यांचे पुंजके ऊन लागताच करपतात. भांड्यात तो चालू लागला, की कोणता बाहू पुढे आहे ते पाहावे, त्याच्या वाटेत एक गुळगुळीत गोटा ठेवावा, आणि पुढारीपण कोणत्या बाहूकडे गेले याची नोंद करावी. शेजारच्याकडे गेले, की एक सोडून पुढच्याकडे? उजवीकडे अधिक वेळा, की डावीकडे? या नोंदींसाठी पुस्तकाच्या अखेरीस काही पाने मुद्दाम कोरी सोडली आहेत.